आमची वाटचाल : डोमेन नावांचा धंदा आणि रिन्यूअलचा हिशोब

आम्ही डोमेन नावं, म्हणजे वेबसाइटचे पत्ते, विकत घेतो आणि विकतो एवढं सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, सगळ्यात महाग कितीला गेलं? आणि मग समोरचाच उदाहरणं द्यायला लागतो, २०१९ ला व्हॉइस डॉट कॉम ३ कोटी डॉलरला गेलं, फेसबुकनी एफबी डॉट कॉम ८५ लाख डॉलरला घेतलं. खरे आहेत हे सौदे, पण आमच्यासारख्या छोट्या फर्मच्या रोजच्या कामाशी त्यांचा तसा काही संबंध नाही. आमचं पोट ज्यावर चालतं ती नावं एक ते तीन हजार डॉलरच्या मधली, घेणारा एखादा छोटा धंदेवाला, आणि वर्षाअखेरीस हातात काय उरतं हे विक्रीपेक्षा जास्त यावर ठरतं की आपण कुठली नावं रिन्यू केली, म्हणजे फी भरून मुदत वाढवली, आणि कुठली सोडून दिली. नवीन माणसाला हे कोणी सांगत नाही, सगळे विक्रीचे आकडेच दाखवतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सुरुवात साइड इनकम म्हणूनच झाली. मी वेबसाइट बनवायचो, आणि क्लायंटला हवं असलेलं साधं सोपं नाव कधीच मोकळं सापडायचं नाही. १९९५ पर्यंत डॉट कॉम फुकट मिळायचं, त्या वर्षी दोन वर्षांचे १०० डॉलर घ्यायला सुरुवात झाली, आणि पुढच्या काही वर्षांतच एका शब्दाची चांगली नावं जवळजवळ सगळी संपली. त्यामुळे आज कोणी म्हणलं की मी बसून नवीन नावं सुचवतो आणि रजिस्टर करून विकतो, तर होतं ते, पण फार थोडं. खरा माल मिळतो तो एक्सपायर झालेल्या नावांमध्ये. कुणाची कंपनी बंद पडते, कुणाचं कार्ड बदललेलं असतं, कुणाला त्या प्रोजेक्टमध्ये रसच उरलेला नसतो.

इथे बऱ्याच जणांचा समज असा की मुदत संपली की दुसऱ्या दिवशी नाव मोकळं. तसं नसतं. डॉट कॉमचं सांगायचं तर मुदत संपल्यावर रजिस्ट्रारकडे, म्हणजे जिच्याकडे नाव नोंदवलेलं असतं त्या कंपनीकडे, जास्तीत जास्त ४५ दिवस असतात, त्यात जुना मालक साध्या फीमध्ये परत घेऊ शकतो आणि बरेच रजिस्ट्रार याच काळात नाव लिलावात लावतात. तिथे कोणी घेतलं नाही तर मग ३० दिवस रिडेम्प्शन, म्हणजे मालकाला अजूनही मिळतं पण वर जास्तीची फी भरून, मग ५ दिवस पेंडिंग डिलीट, त्यात कोणालाच काही करता येत नाही, आणि त्यानंतर ड्रॉप, म्हणजे नाव सगळ्यांसाठी मोकळं. ड्रॉपच्या क्षणी ते पकडायला मोठ्या कंपन्यांची मशीन्स टपलेली असतात, हाताने टाइप करून चांगलं नाव मिळणं जवळपास अशक्य. आम्ही म्हणून रजिस्ट्रारच्या लिलावातच जास्त घेतो, दोन पैसे जास्त जातात पण काय घेतोय ते शांतपणे बघता येतं.

रोज सकाळी लिलावातल्या नावांची यादी येते, हजारो नावं असतात. डॅश असलेली, आकडे असलेली, तीन शब्दांच्या वरची आधीच गाळायची. उरलेली मी मोठ्याने वाचतो, कारण फोनवर सांगताना ज्याचं स्पेलिंग दोनदा सांगावं लागतं ते नाव धंद्याला चालत नाही. मग येते माझी धाकटी बहीण. ती हिशोब बघायला म्हणून आली होती, आता खरेदीचा शेवटचा शब्द तिचाच असतो. मी एखादं नाव दाखवून म्हणायचो बघ काय मस्त ब्रँड होईल, की तिचा एकच प्रश्न, "दादा, घेणारा कोण? ब्रँड-बिंड राहू दे, धंदा सांग." त्या प्रश्नावरून आमच्या शीटमध्ये एक कॉलम आला. प्रत्येक नावापुढे लिहायचं की कुठल्या प्रकारचा धंदा हे घेईल, आणि आज याच शब्दांचं पण कमकुवत नाव वापरणाऱ्या, म्हणजे डॅशवालं, डॉट नेटवालं, शेवटी ऑनलाइन किंवा ग्रुप चिकटवलेलं, अशा निदान दहा कंपन्या सापडल्या पाहिजेत. नाही सापडल्या तर नाव कितीही गोड असो, सोडायचं. छप्पर दुरुस्ती, दातांचा दवाखाना, मालवाहतूक, हिशोबाचं सॉफ्टवेअर, असली रुक्ष वाटणारी नावं या कॉलममध्ये पटकन भरतात आणि तीच विकली जातात.

आता हिशोब, कारण साइड इनकम की फुलटाइम हा प्रश्न इथेच सुटतो. समजा तुमच्याकडे १०० बऱ्यापैकी डॉट कॉम आहेत. एका नावाचं रिन्यूअल ११ डॉलर धरा, म्हणजे वर्षाला ११०० डॉलर नुसते धरून ठेवायला. चांगल्या निवडलेल्या नावांतसुद्धा वर्षाला शंभरातलं एखाद-दुसरं विकलं जातं. दोन गेली, प्रत्येकी १५०० ला, तर आले ३०००, त्यातून मार्केटप्लेसचं, म्हणजे नावं विकायच्या साइटचं, कमिशन २० टक्के धरलं तर उरले २४००, रिन्यूअल वजा जाता १३००, आणि त्यातून ती नावं घेतानाचे लिलावातले पैसे अजून जायचेत. एकच विकलं तर? मग कमिशन जाऊन १२०० आले आणि ११०० रिन्यूअलला गेले, वर्षभर काम करून १०० डॉलर. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, नोकरी सोडायचा विचार शंभर नावांवर करू नका, दोन-तीन वर्षांच्या विक्रीची सरासरी हातात आल्याशिवाय तर नकोच, कारण चार महिने एक मेल न येणं आणि मग एकाच आठवड्यात दोन नावं जाणं हे या धंद्यात नेहमीचं आहे.

म्हणूनच रिन्यूअलचा दिवस आमच्याकडे सगळ्यात महत्त्वाचा. दर महिन्याच्या सुरुवातीला पुढच्या ६० दिवसांत मुदत संपणारी नावं काढून दोघं बसतो, प्रत्येकाला तोच प्रश्न, आज हे लिलावात दिसलं असतं तर आपण परत घेतलं असतं का. चौकशी आली होती का, नाव टाकल्यावर उघडणाऱ्या लँडिंग पेजवर माणसं येतात का, तो धंदा अजून वाढतोय का. घेतलं नसतं असं उत्तर आलं की सोडून द्यायचं, त्याच्यावर किती खर्च झालाय ते बघायचं नाही. बागेतली छाटणीच आहे ही, केली नाही तर चांगल्या नावांचा पैसा वाईट नावं खाऊन टाकतात.

एक गोष्ट आम्ही पहिल्यापासून पाळली, दुसऱ्याच्या ब्रँडच्या नावाला हात लावायचा नाही. १९९९ पासून यासाठी यूडीआरपी म्हणून तंट्याची पद्धत आहे, त्यात तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात, नाव त्याच्या ट्रेडमार्कसारखं आहे, तुमचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि तुम्ही ते वाईट हेतूने घेतलं आणि वापरलं. मार्क असलेल्यालाच चढ्या भावाने विकायला घेतलं होतं असं दिसलं तर तोच वाईट हेतूचा पुरावा धरतात. असे तंटे चालवणाऱ्या डब्ल्यूआयपीओ या संस्थेकडे एका पॅनेलिस्टची, म्हणजे निर्णय देणाऱ्याची, फी १५०० डॉलर, मोठ्या कंपनीला ते काहीच नाही, आणि तुमचं नाव भरपाईशिवाय जातं. स्पेलिंग चुकवून घेतलेली ब्रँडची नावं म्हणजे धंदा नाहीच, त्याच्यामुळे आमच्यासारख्या सरळ काम करणाऱ्यांकडेही लोक संशयाने बघतात याचा मला मनापासून राग येतो.

विक्री कशी होते ते एका सौद्यावरून सांगतो. २०१८ ला युरोपात जीडीपीआर हा खाजगी माहितीचा कायदा आल्यापासून मालकाची नावं-पत्ते हूइजमधून, म्हणजे डोमेन मालकांच्या उघड नोंदीतून, जवळपास गायब झाले, त्यामुळे घेणारा आपल्याला शोधून काढेल ही आशाच नाही, नाव ब्राउझरमध्ये टाकलं की समोर किंमत आणि फॉर्म असलेलं पेज उघडलं पाहिजे. असंच एका दोन शब्दांच्या नावासाठी मेल आला, पेजवर किंमत २८०० होती, त्यांनी ३०० म्हणलं, बजेट नाही वगैरे. बहिणीने आधी त्यांच्या मेल आयडीत ॲटच्या पुढे काय आहे ते बघितलं, तर तेच नाव, मध्ये डॅश टाकून. म्हणजे त्यांचे ग्राहक रोज डॅश विसरत असणार. आम्ही किंमत वाढवली नाही, पेजवर लिहिली ती लिहिली हा आमचा नियम आहे, नावाचं कौतुकही केलं नाही, फक्त १२ हप्त्यांचा पर्याय पाठवला. हप्ते चालू असताना नाव मार्केटप्लेसच्या ताब्यात, वापर त्यांचा, हप्ते थांबले तर नाव आमच्याकडे परत. तीन दिवसांनी पहिला हप्ता आला. आता आमच्याकडे असे हप्त्यांवरचे सौदे बरेच आहेत आणि दर महिन्याला ठराविक काहीतरी येतं, फुलटाइम व्हायचं धाडस झालं ते यामुळे.

फसवणुकीचं थोडक्यात, कारण नवीन माणूस इथे हमखास अडकतो. कोणीतरी मोठा आकडा देतो आणि म्हणतो आधी अमुक साइटवरून नावाच्या किमतीचं अप्रेझल सर्टिफिकेट आणा. ती साइट त्याचीच असते, सर्टिफिकेटचे पैसे घेऊन तो गायब होतो. खरा घेणारा असलं काही मागत नाही. पैसे एस्क्रोमध्ये, म्हणजे सौदा होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या तिसऱ्याकडे, जमा झाल्याचं स्वतः लॉगिन करून बघितल्याशिवाय ऑथ कोड, म्हणजे नाव दुसरीकडे हलवायचा कोड, द्यायचा नाही, मेलमधल्या लिंकवरून तर बघायचंच नाही.

एक्सटेन्शनबद्दलही, म्हणजे नावातल्या डॉटच्या पुढच्या भागाबद्दल, लोक विचारतात. डॉट एआयला मागणी आहे, पण ते कमीत कमी दोन वर्षांसाठीच घ्यावं लागतं आणि डॉट कॉमच्या कितीतरी पट महाग, त्यामुळे तिथे चुकीचं नाव धरून ठेवणं परवडत नाही, आम्ही मोजकीच घेतो. नवीन एक्सटेन्शनमध्ये पहिलं वर्ष एक-दोन डॉलरला देतात ते बघून भुलू नका, दुसऱ्या वर्षाचा रेट आधी वाचा.

गेल्या काही काळात कामात एक भर पडलीय. नावं शोधताना आम्हाला सारखं दिसायचं की चालू धंद्यांची नावं एक्सपायर होतायत, वेबसाइट बंद, मेल बंद, आणि मालकाला पत्ताच नाही, कारण नाव डेव्हलपरच्या अकाउंटवर आणि डेव्हलपर फोन उचलत नाही. असं चालू धंद्याचं नाव दिसलं तर आम्ही ते लिलावात घेत नाही, आधी त्यांना फोन करतो की अजून वेळ आहे, रिन्यू करा. त्यातूनच काही जण म्हणले की तुम्हीच बघा आमचं, तर आता छोट्या फर्मची नावं सांभाळायचं कामही घेतो. पहिली अट एकच, रजिस्ट्रारचं अकाउंट मालकाच्या स्वतःच्या मेलवर आणि मालकाच्या नावावर, आमच्याकडे फक्त मुदतीची तारीख आणि आठवण करून द्यायची जबाबदारी.