रंकाळ्यावर पहाटे साडेपाचला

मी कोल्हापुरात आठवी-नववीला विज्ञान शिकवते. जलप्रदूषणाचा धडा पोरं पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरतात. म्हणून मागच्या मार्चमध्ये ठरवलं, हा धडा रंकाळा तलावाच्या काठावरच घ्यायचा आणि फिरायला येणाऱ्या लोकांनाही त्यात ओढायचं.

पाणी किती गढूळ आहे ते मोजायची सेकी तबकडी आम्ही घरीच केली; ती दिसेनाशी होईपर्यंत पाण्यात सोडायची. 20 सेंटिमीटर व्यासाचा गोल पत्रा, चार भाग, दोन काळे, दोन पांढरे, खाली वजन आणि दोरीला दर 10 सेंटिमीटरवर गाठ. अंजेलो सेकी या इटालियन शास्त्रज्ञाने 1865 मध्ये भूमध्य समुद्रात अशी तबकडी सोडली होती, ती नुसती पांढरी होती. आमची पाण्यात उतरली, हिरवट झाली आणि पाचवी गाठ भिजायच्या आतच पोरं ओरडली, "मॅडम, गेली!" बघ्यांची गर्दी जमली ती त्या ओरडण्याने.

मग विरघळलेला ऑक्सिजन. बाटली बुडबुडा न राहता तोंडोतोंड भरायची, त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, जितका जास्त तितका गडद. दुपारचे तीन वाजले होते. साका धरला तो चहाच्या चोथ्यासारखा गडद.

एक आजोबा खूश झाले. "म्हणजे पाणी झकास आहे की! लोक उगाच बोंब मारतात." मी उत्तर जुळवेपर्यंत ते पुढे निघूनही गेले. मला फार लागलं ते. इतक्या तयारीनिशी आले आणि लोकांना नेमकं उलटंच सांगून बसले.

म्हशी घेऊन येणारे एक काका मागे उभे होते. म्हणाले, "मॅडम, मासं दुपारी कुठं वर येत्यात? पहाटं या. तोंड आ करून वर आल्याली दिसत्यात."

माझ्या पुस्तकात हे होतं, पण दुपारची वेळ निवडताना सुचलं नव्हतं. सांडपाणी आणि साबणातून फॉस्फरस-नायट्रोजन येतो, त्यावर शेवाळ माजतं. दिवसा ऊन खाऊन ते इतका ऑक्सिजन सोडतं की पाण्यात तो नेहमीपेक्षा जास्त भरतो. एरवी 25 अंश तापमानाला हवेतून लिटरमागे जेमतेम 8 मिलिग्रॅम विरघळतो. रात्री मात्र शेवाळ, जिवाणू, मासे सगळेच श्वास घेतात आणि भर घालणारं कुणी नसतं. सगळ्यात कमी ऑक्सिजन उजाडायच्या आधी असतो.

पालकांच्या संमतीपत्रांत आठवडा गेला. पहाटेच्या अंधारात पोरं पाण्याकाठी म्हटल्यावर आया घाबरणारच. चौघी सोबतच आल्या. साडेपाचला बाटली भरली. साका फिकट, दुधात चहाचे दोन थेंब टाकावेत तसा. साका धरला की ऑक्सिजन बांधला जातो आणि बूच घट्ट असेल तर काही तास बदलत नाही. म्हणून ती बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवली. त्याच पायरीवरची दुसरी बाटली तीनला भरली आणि दोन्ही कट्ट्यावर शेजारी मांडल्या.

आजोबा आलेच. बराच वेळ बघत राहिले. "एकाच जागचं पाणी?"

आठवीतली एक मुलगी म्हणाली, "हो आजोबा. रात्री शेवाळाला पण श्वास लागतो. मग माशांना कमी पडतो." माझ्या तासभराच्या भाषणात जे आलं नसतं, ते तिने दोन वाक्यांत सांगितलं. ऑक्सिजनचा नेमका आकडा काढायला ॲसिड घालून थेंब मोजावे लागतात, ते काम मीच करते, पोरांच्या हातात ॲसिड देत नाही. पण त्या दिवशी थेंब मोजायला आजोबाही वाकले होते.

आता महिन्यातून एका रविवारी आम्ही दोनदा जातो, पहाटे आणि दुपारी. नोंदवहीचे रकाने त्याच मुलीने आखलेत. तिने पहिला रकाना वेळेचा ठेवलाय, आणि तो रिकामा असेल तर पुढचा आकडा ती कुणालाच लिहू देत नाही, मलासुद्धा.