सुपरमॅन १३ पानांत

काल पावसानं सगळं बेळगाव गप्प, खडेबाजारात जायचं रद्द, मग चहा नि कुंदा घेऊन बसलो आणि १९३८ च्या अ‍ॅक्शन कॉमिक्सचा पहिला अंक स्कॅनमध्ये वाचून काढला. किंमत १० सेंट, पानं ६४, आणि सुपरमॅनला त्यातली फक्त १३! बाकी झटारा जादूगार वगैरे मंडळी, तो झटारा मला मस्त वाटला बरं का. पण डोक्यात राहिले ते सुपरमॅनचे जनक सीगल आणि शूस्टर, २३ वर्षांची क्लीव्हलंडची दोस्त पोरं, १३० डॉलरला सगळे हक्क देऊन बसली की हो! वर्षाला २० हजार डॉलर पेन्शन नि निर्माते म्हणून नाव परत मिळालं ते १९७५ मध्ये, तेही भांडून भांडून.