लांडगा कुठं कुकर लावतोय?

रविवारी सकाळी भावानं मटणाच्या दुकानातून दोन पिशव्या आणल्या. एक आमची, एक टायगरची. आमचं मटण आईनं हळद-मीठ लावून शिजायला टाकलं. टायगरच्या पिशवीत कलेजी, फुफ्फुसाचे तुकडे आणि थोडी वजडी होती. ती भाऊ तशीच त्याच्या थाळीत ओतणार, एवढ्यात मी पोह्यांची बशी खाली ठेवून ओरडले, "थांब रे!"

"अगं आक्के, लांडग्याची जात हाय ती. लांडगा कुठं कुकर लावतोय?"

आई हसली. टायगर (जात डॉबरमन, वय अकरा महिने, अक्कल शून्य) थाळीकडं बघत लाळ गाळत होता. रोज रात्री मोबाईलवर कच्च्या मांसाचे व्हिडिओ बघून भावानं हे ठरवलं होतं. माझी कोल्हापुरातली सुट्टी चार आठवड्यांची, त्यातला एक सरलेला. म्हटलं, आता हा विषय काढायलाच हवा. कारण याच खुळापायी मी गेल्या वर्षी माझा तिकडचा कुत्रा, बंड्या, गमावता गमावता वाचवलाय.

मी नऊ वर्षं अमेरिकेत ओरेगन राज्यात राहते, पोर्टलंडजवळच्या एका लहान गावात. पाऊस गगनबावड्यासारखा कोसळत नाही, पण ऑक्टोबरात सुरू झालेली रिपरिप मे उजाडला तरी थांबत नाही. आणि त्याच ऑक्टोबरात नद्यांमधून सॅमन चढतात. समुद्रात वाढलेला हा मासा अंडी घालायला आपल्या जन्माच्या नदीत प्रवाहाविरुद्ध येतो, आणि अंडी घातली की तिथंच मरतो. काठावर मेलेले मासे पडलेले असतात. वास असा की रंकाळ्याचं पाणी हिरवं झाल्यावर येणारा वास बरा म्हणावा.

ऑफिसातल्या एकानं स्वतः गळ टाकून पकडलेला अख्खा सॅमन मला आणून दिला. मी सिंकपाशी उभी राहून आपल्या पद्धतीनं साफ करायला घेतला. आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी आजी मागच्या दारात मासा चिरायची, तेव्हा आजूबाजूची दोन मांजरं आणि एक कुत्रं ठरलेल्या जागी येऊन बसायचं. पोटातलं, कातडी, कडेचे तुकडे त्यांचे. तोच हात माझा. बंड्या पायाशी घुटमळत होता, मी टाकत गेले, तो खात गेला. डोकं मात्र कालवणासाठी ठेवलं.

पाच दिवस काही नाही. सहाव्या दिवशी त्यानं जेवण सोडलं. सातव्या दिवशी उलट्या, मग रक्ताचा जुलाब, अंग भाजत होतं. डॉक्टरीणबाईंनी ताप बघितला, 105 फॅरनहाइट. गळ्याखालच्या गाठी सुजलेल्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो आजारपणाबद्दल नव्हताच. "यानं कच्चा मासा खाल्लाय का?"

तिकडं या आजाराला सॅमन पॉयझनिंग म्हणतात, पण माशात विष नसतं. नदीत एक छोटी गोगलगाय असते. तिच्यातून एक चपटा कृमी बाहेर पडतो आणि माशाच्या अंगात शिरतो, आणि त्या कृमीच्याही पोटात रिकेट्सिया नावाच्या जिवाणूंच्या गोतावळ्यातला एक जिवाणू बसलेला असतो. कुत्र्यानं मासा खाल्ला की कृमी आतड्याला चिकटतो आणि जिवाणू रक्तात उतरतो. अस्वल हाच मासा खाऊन ढेकर देतं, मांजराला काही होत नाही. मरतं ते कुत्रं. उपचार झाला नाही तर दहातली नऊ कुत्री जातात, तीही आठ-दहा दिवसांत. वेळेत कळलं तर औषध साधं आहे, डॉक्सिसायक्लिन आणि कृमीसाठी प्राझिक्वांटेल. बंड्याच्या शीच्या काचपट्टीवर कृमीची अंडी दिसली. तो तीन दिवस सलाईनवर होता, बिल 1800 डॉलर. चौथ्या दिवशी त्यानं माझ्या हातातला भात खाल्ला, तेव्हा मी दवाखान्याच्या पार्किंगमध्ये बसून रडले.

हे सगळं ऐकून भाऊ म्हणाला, "पन लांडगा?"

तर लांडग्याचं ऐका. कॅनडात, ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर, लांडगे सॅमन पकडतात. बहुतेक वेळा नुसतं डोकं खातात आणि धड काठावर टाकून देतात. डोक्यात चरबी जास्त असते हे त्याचं एक कारण सांगतात. धडातला कृमी टाळायला शिकलेत, असाही अभ्यासकांचा तर्क आहे. लांडगा कुकर लावत नाही, कबूल. पण मी जे बंड्याला घातलं ते तो टाकून देतो, आणि मी जे कालवणासाठी ठेवलं ते तो खातो!

"म्हंजे आपल्या पंचगंगेच्या माशात पन हाय काय हे?"

नाही. ती गोगलगाय उत्तर कॅलिफोर्नियापासून वर, त्या पट्ट्यातल्या नद्यांतच राहते. आपल्याकडच्या माशाची अडचण वेगळी. कटला, रोहू ही कार्पच्या कुळातली मंडळी. या कुळातल्या बऱ्याच माशांच्या कच्च्या मांसात थायमिनेज नावाचं द्रव्य असतं, ते ब-1 जीवनसत्त्व मोडून टाकतं. एखाद्या दिवशी खाल्लं तर बिघडत नाही; रोज कच्चं दिलं तर जनावर लडखडायला लागतं, झटके येतात. गोठवून ते जात नाही, शिजवलं की जातं. रत्नागिरी-मालवणहून घाट चढून येणाऱ्या समुद्रातल्या माशात बारीक अळ्या असू शकतात. त्या मारायच्या तर उणे 20 अंशांवर सात दिवस गोठवावं लागतं, अमेरिकेत कच्चा मासा माणसांना वाढणारी हॉटेलंही तोच नियम पाळतात. आपल्या एकदारी फ्रिजचा वरचा कप्पा तेवढा गार होत नाही, त्यात मध्येच लाईट जाते. त्यापेक्षा पातेल्यात पाणी ठेवून मासा उकळा आणि काटे काढा. दहा मिनिटांचं काम.

आईनं मध्येच विचारलं, "ते बर्फ-बर्फ काय म्हणतोय हा मगापासनं?" बर्फ नव्हे गं आई, बार्फ. इयान बिलिंगहर्स्ट नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या पशुवैद्यानं 1990 च्या दशकात कच्च्या हाडामांसाच्या आहाराला हे नाव रूढ केलं. अमेरिकी बोलीत त्याच शब्दाचा अर्थ उलटी, हे मला फार आवडतं. तिकडं दुकानात कुत्र्यांसाठी कच्च्या मांसाच्या टिक्क्या गोठवून विकतात. माझ्या शेजारीणबाई त्याच घालतात आणि त्यांच्या कुत्र्याचे केस चमकतात, हे मी नाकारणार नाही. पण अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं 2010 ते 2012 मध्ये असल्या कच्च्या खाद्याचे 196 नमुने तपासले, त्यांत 15 मध्ये सॅल्मोनेला आणि 32 मध्ये लिस्टेरिया सापडला. गोठवून हे जिवाणू मरत नाहीत, झोपतात. कुत्र्याला बहुधा काही होतही नाही. तो तोंड चाटतो, आणि आजारी पडतो तो घरातला नातू किंवा आजी. (सॅल्मोनेलाचा सॅमनशी काही संबंध नाही, बरं का. डॅनियल सॅल्मन नावाच्या अमेरिकी पशुवैद्याचं आडनाव आहे ते.) डिसेंबर 2024 मध्ये तर आमच्या ओरेगनमध्येच, कधी घराबाहेर न पडलेलं एक मांजर गोठवलेलं कच्चं टर्कीचं खाद्य खाऊन बर्ड फ्लूनं मेलं.

हे सगळं खरं, तरी कोल्हापुरात माझा जीव खालीवर झाला तो त्या पिशवीतल्या कलेजीमुळं.

मेंढी-बकऱ्याच्या कलेजीत, फुफ्फुसात कधीकधी पाण्यानं भरलेले पांढरट फोड असतात. खाटकाला ते ओळखू येतात. तो तेवढा भाग कापून बाजूला टाकतो, आणि दुकानापुढची कुत्री तो पळवतात. त्या फोडात एका पट्टकृमीची पिल्लं असतात. कुत्र्याच्या आतड्यात ती काही आठवड्यांत वाढतात, तांदळाच्या दाण्याएवढी किंवा त्याहून लहान, पण हजारोंनी. कुत्रं ठणठणीत राहतं. त्याच्या शीतून अंडी पडतात, ती केसांना चिकटतात, गवताला लागतात. मेंढी ते गवत खाते आणि चक्र पुरं होतं. माणूस कुत्र्याला कुरवाळतो आणि हात न धुता जेवतो, की तेच फोड माणसाच्या यकृतात, फुफ्फुसात धरतात. वर्षानुवर्षं वाढत राहतात, कळत नाही. कळतं तेव्हा अनेकदा पोट उघडावं लागतं. याला हायडॅटिड म्हणतात. न्यूझीलंडमध्ये माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. तिथं कुत्र्यांना कच्ची कलेजी-फुफ्फुसं घालायला बंदी आणून, कुत्र्यांना जंतांची औषधं पाजून, कित्येक दशकं झटून 2002 मध्ये कुठं हा रोग हटल्याचं तात्पुरतं जाहीर केलं.

माझी भाची सहा वर्षांची आहे. ती टायगरच्या मानेत तोंड खुपसून टीव्ही बघते.

भाऊ गप्प झाला. पिशवी उचलून त्यानं एकेक तुकडा उजेडात धरून बघितला. आमच्या नशिबानं फोड नव्हते, पण बारीक फोड डोळ्यांना दिसतीलच असं नाही. मग मागच्या अंगणात चूल पेटली, जुन्या पातेल्यात सगळं अर्धा तास खदखदलं. मीठ-मसाला काही नाही. "तांबडा रस्सा थोडा ओततो की वर, चवीला," म्हणाला तेव्हा पुन्हा ओरडावं लागलं. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. आणि आपण जेवल्यावर प्रेमानं पुढ्यात टाकतो ती शिजलेली नळीची हाडंही नकोत, त्यांच्या कपच्या निघून आतडं फाटतं. कच्चं हाड कमी तडकतं, पण दात मोडतं आणि वर सांगितलेलं सगळं सोबत आणतं. नुसत्या मांसावरही पिल्लू वाढत नाही. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला, म्हणून वाढत्या पिल्लाची हाडं ठिसूळ होतात, पाय वाकतात. दुसऱ्या दिवशी आमच्या भागातल्या जनावरांच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी प्राझिक्वांटेल असलेली जंताची गोळी दिली, पुढच्या तारखा कार्डावर लिहून दिल्या, आणि कॅल्शियमचं प्रमाण टायगरच्या वजनावर ठरवून दिलं. ते प्रमाण मी इथं मुद्दाम लिहीत नाही, तुमच्या कुत्र्याचं वेगळं निघेल.

पुढच्या रविवारी मटण आणायला मीही गेले. भावानं खाटकाला सांगितलं, "मामा, फोडाची कलेजी कुत्र्यास्नी टाकत जाऊ नका."

मामा सुरा पुसत म्हणाले, "मग कुठं टाकू? तुमच्या दारात?"

प्रश्न बरोबर होता. पुरायची, तर कुत्री उकरणार नाहीत एवढा खोल खड्डा लागणार. त्या भर बाजारात खड्डा काढणार कोण आणि कुठं? नाहीतर उकळायची किंवा जाळायची, आणि मामांकडं रविवारी सकाळी श्वास घ्यायला वेळ नसतो. शेवटी भाऊ त्या कलेजीसाठी एक झाकणाचा डबा ठेवून आलाय. संध्याकाळी डबा घरी येतो, त्यातलं सगळं भाऊ अंगणातल्या त्याच चुलीवर उकळतो आणि मग लिंबाच्या झाडाखाली पुरतो. दोन रविवार झालेत. आई म्हणते, वासानं शेजारचे विचारतात, आज तुमच्यात काय बेत हाय.