पॅरिसचा सीझन आणि नेरूळचा पावसाळा

"मावशी, हा गुलाबी घेऊ का? पुढच्या सीझनला येणार नाही म्हणतायत." भाचीचा मेसेज, सोबत बॅगेचा फोटो. मी उलट विचारलं, चामडं कोणतं? बराच वेळ उत्तर नाही. मग आलं, "त्याने एवढा फरक पडतो?"

पडतो. आणि तो मेसेजमध्ये सांगून होण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे.

माझं पोटापाण्याचं कामच रंगाचं. रबाळे एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये मी शेड मॅचिंग करते. पार्टी कापडाचा किंवा रेक्झिनचा तुकडा पाठवते, तोच रंग दुसऱ्या मालावर हुबेहूब आणून द्यायचा. दिवसभर लाइट बॉक्ससमोर दोन तुकडे शेजारी ठेवून बघत राहायचं. बॅगांचा नाद यातूनच लागला. माझ्याकडे मोजक्याच आहेत आणि बहुतेक सेकंड हँड आहेत. पण एकेक निवडताना मी महिनोन्‌महिने घालवले आहेत, आणि ते महिने मला बॅगेइतकेच आवडतात.

एकाच फॉर्म्युल्याने रंगवलेलं सॅटिन आणि खादी वेगवेगळ्या दिसतात, हे आमच्या धंद्यात नव्या मुलांना सगळ्यात आधी दाखवतात. गुळगुळीत पृष्ठभागावरून उजेड एका दिशेने परततो, म्हणून रंग खोल वाटतो. दाणेदार पृष्ठभागावरून तो चहूकडे विखुरतो, त्यात किंचित पांढरेपणा मिसळतो आणि रंग निवळतो. चामड्याचंही नेमकं हेच होतं. त्यामुळे सीझनचा रंग 'आवडला' असं कुणी म्हणालं की मी विचारते, कशावर आवडला?

महागड्या बॅगा बनवणाऱ्या एर्मेसचंच उदाहरण घेते, कारण संग्राहक सगळ्यात जास्त चर्चा त्यांच्याच रंगांची करतात. १८३७ साली पॅरिसमध्ये घोड्यांचा साज बनवण्यापासून सुरुवात झालेलं हे घराणं. आजही त्यांची शिवण मेणवलेल्या लिननच्या दोऱ्याने आणि दोन सुयांनी होते. एक टाका तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. त्यांच्या केली बॅगचं नाव अभिनेत्री ग्रेस केलीवरून १९७७ मध्ये रीतसर पडलं, बर्किन ही दुसरी प्रसिद्ध बॅग १९८४ मध्ये आली. त्यांचे नवे रंग वर्षातून दोन हंगामांत येतात, वसंत-उन्हाळा आणि शरद-हिवाळा. दुकानांचे लोक पॅरिसला जाऊन आपापल्या दुकानासाठी माल निवडतात. म्हणजे मुंबईत हॉर्निमन सर्कलच्या दुकानात, जे २०११ साली उघडलं, जे दिसतं तेही कुणीतरी आधीच आपल्यासाठी निवडलेलं असतं.

आता चामडी. बॉक्स हे जुनं, गुळगुळीत वासराचं चामडं. काळा आणि 'रूज आश' हा आमसुली लाल त्याच्यावर जसा उतरतो तसा दुसऱ्या कशावरही नाही. पण नखाचा ओरखडा लगेच दिसतो आणि पाण्याचा थेंब राहिला तर फुगवटा येतो. स्विफ्ट मऊ आणि बारीक पोताचं, रंग भरभरून पितं. झगझगीत निळे, गुलाबी त्याच्यावर सुंदर दिसतात, तेवढंच जपावंही लागतं. टोगोचा दाणा उठावदार आणि नैसर्गिक, कधीकधी त्यात शिरांच्या रेघा दिसतात. क्लेमाँस हे तरुण बैलाचं, दाणा मोठा आणि चपटा, वजनाला जड, कालांतराने बॅग खाली बसते. एप्सममध्ये दाणा दाबून उमटवलेला असतो. ते हलकं, ताठ, ओल्या फडक्याने पुसता येणारं, आणि रंग त्याच्यावर स्वच्छ, थोडा कडक दिसतो. टाके बाहेर दिसणारी ताठ 'सेलिए' केली एप्सममध्ये शोभते. आत उलटवून शिवलेली 'रतुर्ने' टोगोत किंवा क्लेमाँसमध्ये. हलका गुलाबी एप्सममध्ये घेतला तर तो गारेगार आणि नेटका दिसेल, स्विफ्टमध्ये ओलसर आणि गोड. नाव एकच, बॅगा दोन.

बारेनियाबद्दल लिहायला घेतलं तर पोस्ट तिथेच संपेल, म्हणून आवरते. खोगिराचं चामडं आहे ते, तेल मुरलेलं, लहानसहान ओरखडे हाताने चोळले की त्यातच जिरतात.

एक गोष्ट मात्र उघडपणे सांगायला हवी. वरची सगळी चामडी गोवंशाची आहेत. आमच्या घरात ते चालत नाही. सासूबाईंनी कधी आवाज चढवला नाही, पण लग्नानंतर पहिल्यांदा बॅग घेताना एवढंच म्हणाल्या, "घे गं, फक्त गाईचं नको आणूस." मी ते पाळते, आणि मनापासून पाळते. त्यामुळे माझी निवड शेळी आणि मेंढीवर येऊन थांबते, आणि त्यात मी काही गमावलं आहे असं मला कधी वाटलं नाही. एर्मेसच्या शेळीच्या दोन प्रसिद्ध चामड्यांची नावं आहेत शेव्र मायसोर आणि शेव्र दे कोरोमांडेल, दोन्ही आपल्या दक्षिणेतली. शेव्र हलकं असतं, चिवट असतं, बारीक दाण्याखाली एक मंद चमक असते आणि गडद रंग त्याच्यात आतून पेटल्यासारखे दिसतात. मोरपंखी, जांभळा, डाळिंबी या चालीतला कुठलाही रंग असेल तर मी डोळे मिटून शेव्र म्हणेन. मेंढीचं चामडं शनेलच्या बॅगांमुळे सगळ्यांना माहीत आहे. १९५५ च्या फेब्रुवारीत आलेल्या त्यांच्या गादीसारख्या शिवणीच्या बॅगेचा आजचा काळा अवतार मेंढीच्या चामड्यात मखमली दिसतो, पण लोकलच्या दाराशी घासला की झालं. ती माझ्याकडे आहे आणि ती फक्त गाडीतून प्रवास करते.

यापुढचा मुद्दा पावसाळ्याचा, आणि इथे मी हट्टी आहे. पॅरिसला हंगाम दोन असोत, आपल्याला जून ते सप्टेंबर हा एक हंगाम आधी सोडवावा लागतो. ठाणे-नवी मुंबईत वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि जुलैत हवा इतकी दमट असते की कपाटातल्या रेशमी साड्यांनाही वास येतो. चामड्याला पन्नास टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता मानवते. आमच्या पाम बीच रोडजवळच्या इमारतीत बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट तर जुलैत हाताला गार लागतं. तिथे बॅग ठेवली तर बुरशी येणारच. मी बॅगा आतल्या भिंतीच्या कपाटात, सुती पिशवीत ठेवते. प्लास्टिक अजिबात नाही, डांबराच्या गोळ्याही नाहीत, कारण तो वास अस्तरातून जाता जात नाही. आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि अधूनमधून सगळ्या बॅगा बाहेर काढून पंख्याखाली, उन्हात नाही.

म्हणून चामड्याचा प्रश्न हवेपासून सुटतो. रोज ऑफिसला न्यायची बॅग असेल तर एप्सम किंवा शेव्र. बॉक्स आणि स्विफ्ट ऑक्टोबर ते मेमध्ये वापरायच्या. लुई व्हितॉंच्या बॅगांच्या पट्ट्यांना जे लेप न दिलेलं, फिकं चामडं असतं ते झाडाच्या सालीतल्या टॅनिनने कमावलेलं असतं, ऊन-हात लागून ते मधासारखं होतं. आपल्या कोल्हापुरी चपलांचं चामडंही बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, २०१९ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. ती चप्पल आपण पावसात घालत नाही, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. मग तशाच चामड्याची पट्टी असलेली बॅग घेऊन वाशी स्टेशनबाहेर रिक्षाची वाट बघत उभं राहायचं नाही. थेंबाचे डाग कायमचे बसतात.

पण याच पावसाळ्यात रंग बघायला सगळ्यात चांगला उजेड मिळतो. लॅबमध्ये आम्ही तीन दिव्यांखाली रंग तपासतो. डी६५ म्हणजे सरासरी दिवसाचा उजेड, टीएल८४ म्हणजे दुकानातल्या ट्यूबचा, आणि 'ए' म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बचा. दोन तुकडे एका दिव्याखाली जुळतात आणि दुसऱ्याखाली फाटतात, त्याला मेटामेरिझम म्हणतात. ढगाळ दिवशी गॅलरीत येणारा उजेड सारखा, सावली न पाडणारा असतो. जुलैतल्या दुपारी अकरा ते तीन, आकाशाकडे तोंड करून, पांढऱ्या कागदावर बॅग ठेवून बघा. मैत्रिणीची एतूप बर्किन मी अशी बघितली. एतूप म्हणजे राखाडी आणि तपकिरीच्या मधला रंग. दुकानाच्या पिवळ्या दिव्यात तो बदामी वाटला होता. गॅलरीत आणला आणि त्यातला राखाडी वर आला, थोडा जांभळट. संध्याकाळी तिच्या हॉलमधल्या पांढऱ्या एलईडीखाली तीच बॅग जवळजवळ शिशासारखी दिसली. तिला तो राखाडी आवडला म्हणून ती खूश झाली. बदामी हवा असता तर तीच बॅग तिला खटकत राहिली असती. दुकानात असाल तर बॅग दाराजवळ नेऊन बघू द्या असं सरळ म्हणावं. ऑनलाइन घेत असाल तर खिडकीजवळ, फ्लॅशशिवाय, शेजारी पांढरा कागद ठेवून काढलेला फोटो मागावा.

एतूपवर आणि गोल्ड या तपकिरीवर पांढऱ्या दोऱ्याचे टाके असतात, बहुतेक बाकीच्या रंगांवर दोरा रंगाला जुळवलेला असतो. तो पांढरा दोरा काढून टाकलेला मी कल्पनेतही बघू शकत नाही. शेजारच्या रंगामुळे रंग बदललेला दिसतो हे पॅरिसच्या गोबेलँ गालिचा-कारखान्याच्या रंगखात्याचे प्रमुख शेव्रल यांनी १८३९ मध्ये मांडलं. काळा दोरा फिका येतो अशी विणकरांची तक्रार होती, आणि शेव्रलना आढळलं की रंगात काही खोट नाही, शेजारचे रंग त्याला फिका करतायत. पांढऱ्या टाक्यांच्या रेघेने गोल्डचा तपकिरी उबदार आणि गडद होतो. बॅग हातात घेऊन टाक्यांवर अंगठा ठेवून बघा आणि मग काढा.

फिक्या रंगांचं सांगते. क्रे, नाता यांसारखे खडू-मलईचे रंग सध्या सगळ्यांना हवे असतात. पण आपण जीन्स घालतो. जीन्सची नीळ सुताशी रासायनिक बांधली जात नाही, ती धाग्यात अडकून बसते आणि घासली की सुटते. तीच बॅगेच्या मागच्या बाजूला बसते. कोपरे आणि हातांच्या पट्ट्या सनस्क्रीनने, घामाने आधी काळवंडतात. पट्ट्यांना ट्विली, म्हणजे अरुंद रेशमी रुमाल, गुंडाळणं हे त्यावर चांगलं उत्तर आहे, आणि दिसतंही छान. उजेडाने उडण्याच्या बाबतीत भडक गुलाबी आणि जांभळे कापडातही नाजूक असतात. आम्ही ती टिकाऊपणाची परीक्षा १ ते ८ अशा निळ्या लोकरीच्या मोजपट्टीवर करतो. म्हणून असा रंग घ्यावा, पण काचेच्या कपाटात खिडकीसमोर मांडून ठेवू नये.

सेकंड हँड घेणाऱ्यांसाठी शिक्का महत्त्वाचा. एर्मेस १९४५ पासून बॅग बनली त्या वर्षाचं अक्षर उमटवतं. १९७० पर्यंत नुसतं, १९७१ पासून वर्तुळात, १९९७ पासून २०१४ पर्यंत चौकोनात, २०१५ पासून परत नुसतं आणि वर्णमालेच्या क्रमाबाहेर. २०१९ ला 'डी', २०२० ला 'वाय'. कोणता हंगामी रंग कोणत्या वर्षी आणि कोणत्या चामड्यात निघाला हे संग्राहकांना पाठ असतं. रंग निघायच्या आधीचं अक्षर शिक्क्यात असेल तर मी तिथेच थांबते, पुढे कितीही गोड बोलणं होवो.

भाचीला मी काय सांगितलं? तिचं ऑफिस ऐरोलीला, लोकल आणि रिक्षा, आणि बॅग एकच असणार. चौकशीअंती तो गुलाबी स्विफ्टमध्ये निघाला. मी म्हटलं, हा नको, पण गुलाबी सोडू नकोस. तुला तो रंग मनापासून आवडतो आणि काळा घेतलास तर तू तो बघून कधी हसणार नाहीस. शेव्र किंवा एप्सममध्ये थोडा गडद गुलाबी शोध, ठाणे खाडीवर येणाऱ्या लहान फ्लेमिंगोंच्या पंखाखाली दिसतो तेवढा. ती म्हणाली, "मग सीझन गेला तर?" जाऊ दे. जुने रंग फेरविक्रीत येतात आणि सीझन गेलेला रंग अनेकदा जास्त मोलाचा ठरतो.

मी स्वतः सध्या केली २८, म्हणजे २८ सेंटीमीटर रुंदीची केली, शोधते आहे, शेव्र मायसोरमध्ये, सोनेरी कड्यांची, त्यांच्या 'सायप्रस' या रंगासारख्या गडद हिरव्यात. माझ्या हिरव्या काठाच्या पैठणीला आणि ऑफिसच्या राखाडी सुती साडीलाही ती चालेल. हा हिरवा मी एप्सममध्ये दिवसाच्या उजेडात बघितला आहे, शेव्रमध्ये फक्त फोटोत. तुमच्यापैकी कुणाकडे असेल आणि सीवूड्स, बेलापूर, ठाणे कुठेही असाल तर कळवा. मी पांढरा कागद घेऊन येते.