आमची वाटचाल : पगाराच्या रकान्यात मी शून्य लिहिलं होतं

बेळगावच्या पिरनवाडी फाट्याजवळ, जिथनं जांबोटी-चोर्ल्याकडं जाणारा रस्ता फुटतो तिथं आमचं दोन बेचं, म्हणजे गाडी धुवायच्या दोन जागांचं, सेल्फ सर्व्हिस कार वॉश आहे. गाडी आत घ्या, क्यूआर स्कॅन करा, ५० रुपयाला पाच मिनिटं पाणी, फोमचे वेगळे, आणि आपली गाडी आपणच धुवा. चालू करायच्या आधी मी एका कागदावर सगळा हिशेब मांडलेला, त्यात पगाराच्या रकान्यात शून्य होतं. बायकोनं तो कागद जपून ठेवलाय, भांडण झालं की काढते.

शहापुरातलं आमचं स्पेअर पार्टचं दुकान चालू ठेवून बाजूला काहीतरी लावावं म्हणून हे केलं, थोडे पैसे मेव्हण्याचे. जागा बरी होती, गोव्याहून येणाऱ्या गाड्या जांबोटीची तांबडी माती अंगभर घेऊन येतात आणि बेळगावात शिरायच्या आधी धुवायला बघतात. मशीन विकणारा म्हणाला एकदा लावा आणि विसरून जा. लोक काय विसरू देत नाहीत. पहिले दोन महिने प्रत्येक जण आत येऊन काच खाली करायचा आणि हॉर्न मारायचा, "पोरगं कुठाय वो धुवायला?" मग मीच गन हातात घेऊन दाखवायचो, असं धरा, आधी खालनं मारा, मग वरनं. कन्नड, मराठी आणि चित्रं असे तिन्ही लावले तरी बोर्ड कोण वाचतंय.

पण खरा दणका बसला खंडेनवमीला. आमच्याकडं त्या दिवशी सायकलीपासनं ट्रकपर्यंत सगळ्याची पूजा असते, म्हणजे त्याच्या आदल्या दिवशी आणि सकाळी धुलाई. सकाळी सात वाजता फाट्यापर्यंत रांग, आणि एक फेज गेला. मोटर दोन फेजवर गुरगुरत राहिली, मला वाटलं पाणी कमी आहे म्हणून आवाज येतोय, तेवढ्यात जळका वास. एक फेज गेला की मोटर आपोआप बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवलेलाच नव्हता, त्याचे पैसे मी कोटेशनमधनं कापायला लावले होते. मोटरच्या रिवाइंडिंगला उद्यमबागात, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, दोन दिवस गेले आणि वर्षातला सगळ्यात मोठा दिवस हातातनं गेला.

तिथनं माणूस शोधायला सुरुवात. पहिला, ओळखीचा इलेक्ट्रिशियन, बोलावलं की यायचा, फेरीला ४०० रुपये. माणूस चांगला पण पाण्याच्या पंपातलं त्याला काय कळत नव्हतं आणि ते तो कबूलही करत नव्हता. मग आयटीआय झालेला एक पोरगा फुल टाइम ठेवला. हुशार होता, पण लोक त्याला बघितले की चावी त्याच्याच हातात द्यायचे आणि वर १०० रुपये. दिवसाला चार गाड्या त्याच धुवायच्या म्हटल्यावर फिल्टर कोण साफ करणार, आणि मला तरी कुठल्या तोंडानं रागवायचं, मी देत होतो त्या पगारापेक्षा त्याला गाड्यांचे पैसे जास्त होत होते. पुढं मच्छेच्या एका कंपनीत लागला. त्याचं काय चुकलं नाही. मग वैतागून मशीनवाल्याचंच वार्षिक कॉन्ट्रॅक्ट घेतलं. त्यांचा टेक्निशियन लांबनं यायचा, कळवल्यापासनं पाच-सहा दिवस, आणि एकदा दाब कमी झाला म्हणून आला तर बघून म्हणाला पंप गेला, नवीन टाका. आकडा ऐकून मी खाली बसलो.

पंप मागवायच्या आधी सील तरी बदलून बघू म्हणून उद्यमबागात गेलो. फाउंड्री आणि हायड्रोलिकची कामं गावातच असल्यामुळं तिथं सील मिळतं, माणूसही मिळतो हे माझ्या डोक्यातच नव्हतं. दुकानदार म्हणाला त्या चहाच्या गाड्यावर मामा बसलेत त्यांना घेऊन जावा. येळ्ळूरचे, आयुष्यभर फाउंड्रीत मेंटेनन्स केलेले, रिटायर. लुनावर आले, मशीनकडं बघितलंच नाही, म्हणाले बादली आणा.

२० लिटरची बादली, मोबाइलवर स्टॉपवॉच. पंप मिनिटाला १५ लिटरचा, म्हणजे बादली ८० सेकंदात भरायला पाहिजे. भरली ८२ ला. मामा म्हणाले, "पाणी पुरतं द्यायलाय की पंप. मग दाब कुठं चाललाय? नोझल बघा." गनच्या टोकाचं नोझल काढून उजेडाला धरलं तर भोक गोल राहिलंच नव्हतं, एका बाजूला ओढलेलं. बोअरच्या पाण्यातनं रेती येते ती फिल्टर फाटल्यामुळं सरळ नोझलपर्यंत जात होती. पाणी तेवढंच, भोक मोठं, दाब कसा राहील. उलट बादली भरायला १०० सेकंद लागले असते तर दोष अलीकडं असता, तुंबलेला फिल्टर, हवा ओढणारा पाइप नाहीतर पंपाचे व्हॉल्व्ह आणि सील. नोझल आणि फिल्टरची जाळी मिळून हजाराच्या आतच काम झालं. मग स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपावर आणि मूठ कानाला लावून ते दोन मिनिटं उभे राहिले, डॉक्टरसारखे, आणि म्हणाले बेअरिंग चांगलंय, ऑइल मात्र दुधासारखं झालंय, सीलमधनं पाणी शिरलंय, ते आजच बदला.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी बघितली. काम सुरू करायच्या आधी त्यांनी फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकले, मग गनचा खटका दाबून पाइपातला दाब सोडला, मग पाना लावला. आमच्याकडं तोपर्यंत सगळे नुसतं स्विच बंद करून हात घालायचे. ओल्या जमिनीवर थ्री फेज. पुढच्याच आठवड्यात ३० मिलीअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, आणि अर्थिंग दोन्ही करून घेतलं.

पैशाचं बोलणं मजेशीर झालं. ते फेरीवर तयार होते. मी म्हटलं नको, फेरीवर ठेवलं तर मशीन बिघडली की तुमची कमाई, हे बरोबर नाही, महिन्याला ठरवू. आठवड्यातनं तीन सकाळी दोन-दोन तास, आणि बिघाड झाला तर कधीही, ८,००० रुपये. आणि मी शहाणपणा करून पुढं म्हटलं, महिनाभर एकदाही बंद पडली नाही तर १,००० वर. यावर ते हसले. "तसं करू नका मालक. बंद पडली तर मी लपवीन की. मशीन आहे, बंद पडणारच." तो हजार रुपयांचा विषय तिथंच संपला. माझी एकच अट, काढलेला जुना पार्ट फेकायचा नाही, डब्यात ठेवायचा, बिलाबरोबर मी बघणार. त्यांची एकच अट, गल्ल्याला आणि क्यूआरच्या हिशेबाला हात लावणार नाही. ही अट मला आधीच सुचायला पाहिजे होती.

गाळाच्या टाकीवरनं मात्र वाजलं. गाड्यांची माती टाकीत बसते, पावसाळ्यात दर आठवड्याला काढावी लागते, आणि ते काम कुणाचं हे मी कुठं लिहिलंच नव्हतं. मामा स्पष्ट म्हणाले फिटर गाळ काढत नाही. शेवटी फरशी आणि टाकीसाठी वेगळ्या मावशी ठेवल्या. कुणी असं काही लावणार असेल तर माणूस ठेवतानाच गाळाचं बोलून घ्या, पंपाचं नंतर बोला.

दुसरी अडचण सुगीची. येळ्ळूरचा माणूस म्हणजे भाताचं शेत आलंच. जुलैत रोप लावणीला मामा नाहीत, ते चालतं कारण तेव्हा पाऊस फुकटात गाड्या धुतो. पण दिवाळीनंतर भातकापणीला पण नाहीत आणि तेव्हा लग्नं, गोव्याच्या ट्रिपा, आमची धांदल. म्हणून मामांनीच पुतण्याला तयार केला. रोज फिल्टर धुणं, दुपारी बादली लावणं, मशीन किती तास चालली ते दाखवणाऱ्या तास मीटरचा आकडा वहीत लिहिणं. नवीन पंपाचं ऑइल पहिल्या ५० तासांनी आणि नंतर दर ५०० तासांनी, हे त्या वहीच्या पुठ्ठ्यावरच मोठ्या अक्षरात लिहिलंय. पोरगा आकडे लिहितो, शेरे मामा लिहितात. मागच्या आठवड्याचा शेरा, "दोन नंबर बे, गन गळते, मालकांना सांगितलं, मालक विसरले."

आता तिसऱ्या बेचं बांधकाम चालू आहे. नवीन हिशेबाच्या कागदात पगाराचा रकाना बायकोनं स्वतः भरलाय. मामांनी गवंड्याला बोलावून पंपाचा कट्टा दोन फूट उंच करायला सांगितला. मी विचारलं पाणी लागू नये म्हणून काय? म्हणाले, "ते पण. पण गुडघे दुखत्यात माझे."