पाच पंक बँड आणि दहाची वेळ

पंकच्या संध्याकाळी आयोजकांना धास्ती असते गर्दीची. स्टेज सांभाळणाऱ्यांना असते ती दोन बँडच्या मधल्या पंधरा मिनिटांची.

पुण्याबाहेर एका मोकळ्या मैदानावर डिसेंबरात झालेल्या स्वतंत्र संगीताच्या महोत्सवात छोटं स्टेज आमच्याकडे होतं. दुसऱ्या संध्याकाळी त्यावर पाच बँड, सगळे पंक नाहीतर हार्डकोर (पंकचाच अधिक वेगवान प्रकार). प्रत्येकाला २५ मिनिटं, मध्ये १५ मिनिटांचा चेंजओव्हर, म्हणजे एका बँडने उतरून दुसऱ्याने मांडायचा वेळ. साडेसहाला सुरुवात झाली तर कागदावर ९.३५ला कार्यक्रम संपतो. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार उघड्यावरचे स्पीकर रात्री दहाला बंद. बारापर्यंतची सवलत वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस, आणि ते दिवस गणपती-नवरात्रात जातात, आमच्या वाट्याला कुठले येणार! म्हणजे हातात शिल्लक २५ मिनिटं. गाणी दोन-दोन मिनिटांची, त्यामुळे एका सेटमध्ये बारा गाणी सहज बसतात आणि बँडची तक्रार नसते. वेळ जातो तो चेंजओव्हरमध्ये.

तो आटोक्यात ठेवायला बॅकलाइन, म्हणजे स्टेजवरचे ड्रम आणि अँप, सामायिक हवी. एक ड्रमकिट, दोन गिटार अँप, एक बेस अँप, पाचही जणांनी तेच वापरायचं. ड्रमरने स्वतःचा स्नेअर, सिंबल आणि किकचं (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचं) पेडल आणायचं. गिटारवाल्यांनी गिटार आणि पेडलबोर्ड. हे बरंच आधी लेखी कळवावं लागतं, नाहीतर एखादा बँड भलामोठा अँप टेम्पोत घालून येतोच. इनपुट लिस्टही (मिक्सिंग कन्सोलला काय काय जोडायचं त्याची यादी) सगळ्यांना एकच: किक, स्नेअर वरून आणि खालून, रॅक टॉम, फ्लोअर टॉम, किटच्या वर दोन ओव्हरहेड माइक, बेसचा डीआय (सिग्नल थेट कन्सोलला देणारा डबा), दोन गिटार, गाण्याचे तीन माइक. तेरा चॅनेल. ज्यांच्याकडे एकच गिटार, त्यांचं एक चॅनेल म्यूट करायचं, वायरला हात लावायचा नाही. दुपारी पूर्ण साउंडचेक फक्त शेवटच्या बँडचा केला आणि तोच सीन (सगळी सेटिंग्ज) कन्सोलवर ठेवून बाकी चौघांना लाइन चेकवर, म्हणजे प्रत्येक चॅनेलमधून आवाज येतोय एवढंच बघून, चढवलं.

किक ड्रम पुढे सरकतो, हे ठरलेलंच. मिनिटाला १८०-२०० ठोक्यांच्या लयीत पेडल मारलं की दुसऱ्या गाण्यात तो चार बोटं पुढे असतो आणि ड्रमर वाजवता वाजवता स्टूल ओढत त्याच्या मागे. पुष्कळ ठिकाणी पुढे वीट लावतात. वीटही सरकते, वर कवचाला चरे पाडते. आम्ही जाड सतरंजी पसरून किकपुढे लाकडी पट्टी ठेवली आणि ती सतरंजीतून थेट प्लायमध्ये स्क्रूने आवळली. चौदा इंची दुसरा स्नेअर ट्यून करून किटच्या मागे तयार ठेवला. चौथ्या बँडच्या ड्रमरने पडदा फाडला तेव्हा अदलाबदल एका गाण्याच्या आत झाली.

गाण्याला वायरवाले एसएम५८ माइक. पंकसाठी वायरलेस देऊ नये, माइक हमखास जमिनीवर आपटतो. माइकच्या बुडाशी वायरचा कनेक्टर टेपने बांधून टाकायचा, नाहीतर वायर धरून माइक फिरवणाऱ्याच्या हातात फक्त वायर उरते. आणखी एक खोड म्हणजे जाळी मुठीत धरून ओरडणं. हा माइक समोरचं ऐकतो आणि मागचं टाळतो, ते कॅप्सूलच्या मागच्या फटींमुळे. मूठ आवळली की त्या फटी बंद होतात, माइक चारी बाजूंनी ऐकायला लागतो आणि पायाशी असलेला वेज मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) शिट्टी मारतो. गायकाला सांगून काही उपयोग होत नाही. स्टेजवर चढला की तो विसरतो. त्यामुळे लाइन चेकलाच मूठ आवळून आवाज काढायला लावायचा आणि जिथे शिट्टी येईल ती फ्रीक्वेन्सी वेजच्या ईक्वलायझरवर कापायची. आवाज थोडा डबडा होतो. पंकमध्ये चालतं.

खरा प्रसंग तिसऱ्या बँडच्या लाइन चेकला आला. गिटार गळ्यात घेऊन गाणारी मुलगी माइकजवळ गेली, जाळीला ओठ लागले आणि तिने झटक्यात मान मागे घेतली. "दादा, माइक करंट मारतोय."

सगळे माइककडे बघतात, पण दोष बहुतेक वेळा गिटारच्या बाजूला असतो. माइकची जाळी वायरच्या शील्डमधून कन्सोलच्या अर्थिंगला जोडलेली असते, गिटारच्या तारा अँपच्या चेसिसला. दोन्हीकडचं अर्थिंग धड असेल तर त्यांच्यात व्होल्टेज नसतं. मल्टिमीटर एसीवर लावून एक टोक तारेला आणि दुसरं जाळीला टेकवलं: ९४ व्होल्ट. अँपच्या बाजूची अर्थची वायर तुटली की चेसिस अधांतरी राहतं आणि आतल्या कपॅसिटरमधून झिरपणारं व्होल्टेज त्यावर चढतं. असा मोठा आकडा दिसला तरी त्यामागचा करंट पुष्कळदा अगदी किरकोळ असतो. पण तो किरकोळ आहे की अँपच्या आत इन्सुलेशन गेलंय, हे स्टेजवर उभं राहून ठरवायचं नसतं. गिटारची जॅक काढायला लावली आणि अँपचा प्लग उपसला.

दुपारी प्रत्येक सॉकेट तपासलं होतं, मग हे आलं कुठून? दुसऱ्या बँडनंतर डाव्या अँपचा एक्स्टेंशन बोर्ड सैल वाटला म्हणून कोणीतरी स्टॉलच्या लाइटिंगच्या सामानातला बोर्ड आणून लावला होता. त्याच्या थ्री-पिनच्या आत अर्थची हिरवी वायर स्क्रूतून सुटलेली. बल्ब लावले तर कळणारच नाही, व्यवस्थित पेटतात. ३० मिलिअँपचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) होता, पण तो पडला नाही, कारण एवढ्या थोड्या गळतीला तो पडत नाही.

तोवर भोवती सल्ल्यांचा पाऊस. माइकला फोम चढवा: घामाने फोम ओला झाला की पुन्हा तेच. रबरी तळाचे बूट घाला: शॉक हातातून ओठात जातोय, बूट काय करणार? सगळ्यात घातक सल्ला म्हणजे दुसऱ्या अँपचीही अर्थ पिन काढून टाका, हमसुद्धा (स्पीकरमधली घूं-घूं) जाईल. हम घालवायची तर डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा, ते फक्त सिग्नलची शील्ड तोडतं. प्लगच्या अर्थ पिनला हात लावायचा नाही.

साउंडच्याच पेटीतला बोर्ड घेतला, अर्थ पिनपासून अर्थच्या भोकापर्यंत कंटिन्युइटीचा बीप ऐकला आणि ज्या डिस्ट्रिब्यूशन बोर्डवर पीए (प्रेक्षकांकडचे मुख्य स्पीकर) होता त्यावरच लावला. फेज-न्यूट्रल २३१, न्यूट्रल-अर्थ दीड व्होल्ट. तारेपासून जाळीपर्यंत अर्ध्या व्होल्टच्या आत. मग मैदानाच्या कडेला जाऊन जनरेटरची अर्थची सळईही बघितली. मुरमाड जमिनीत ती खोल जात नाही आणि हिवाळ्यात भोवतालची माती वाळते. तिथे मिठाचं पाणी ओतायला लावलं. यात ११ मिनिटं गेली.

पिटबद्दल, म्हणजे स्टेजसमोर प्रेक्षक धडका मारत नाचतात त्या जागेबद्दल, बाहेर फार बोललं जातं, प्रत्यक्षात ते रात्रीचं सोपं काम होतं. बंदोबस्ताला लावतात ते सुटे बॅरिकेड इथे नकोत; गर्दी रेटली की आडवे होतात आणि पाय अडकतात. ज्याच्या तळपट्टीवर प्रेक्षक स्वतःच उभे राहतात आणि त्यांच्याच वजनाने ते जागेवर बसतं, ते बॅरिकेड लावलं. सिक्युरिटीच्या माणसांना आधीच सांगून ठेवलं की गोल धावणारं रिंगण म्हणजे मारामारी नव्हे. कोणी पडलं तर आजूबाजूचे थांबून उचलतात, कोणाचा बूट निघाला तर तो हात उंच करून दाखवतात. काही सेकंद झाले तरी पडलेला उठत नाही किंवा कोणी ठरवून ठोसे मारतंय, तरच आत जायचं. मैदानात धूळ होती म्हणून चारच्या सुमारास हलकं पाणी मारलं. सहाला मारलं असतं तर चिखल झाला असता.

बिअरसाठी महाराष्ट्रात २१ वर्षांची अट, म्हणून लहानांच्या हातावर गेटवर काळी फुली. पंकवाल्यांना तिचं अप्रूप वेगळं: १९८०मध्ये वॉशिंग्टनच्या टीन आयडल्स बँडचे तरुण सॅन फ्रान्सिस्कोहून ही कल्पना घेऊन आले आणि पुढे दारू न पिणाऱ्यांनी तीच फुली स्वतःहून हातावर काढायला सुरुवात केली. आमच्याकडेही पंचविशीतले दोघे फुली मागायला आले.

कन्सोलपाशी, स्टेजपासून २० मीटरवर, पंधरा मिनिटांची सरासरी १०० डीबीच्या आत ठेवली. अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डीबी घटतात, म्हणजे १६० मीटरवर ८२. बेस तसा ऐकत नाही, म्हणून दर तीन सबवूफरपैकी (बेसच्या स्पीकरपैकी) एक उलटा वळवून, पोलॅरिटी फिरवून आणि डिले देऊन वस्तीच्या बाजूचा दणका कमी केला.

शेवटचा बँड ९.१०ला चढायचा तो ९.२९ला चढला आणि ९.५४ला उतरला. आवरताना तो बोर्ड वेगळा काढला आणि त्याचा प्लग तिथल्या तिथे कापून टाकला. नुसतं 'खराब' लिहून ठेवलं की असले बोर्ड पुढच्या कार्यक्रमाला पुन्हा पेटीतून बाहेर येतात.