तुम्ही विचारलंत म्हणून: डिटेलिंगचे वेगळे पैसे कशाला?

कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये, साताऱ्याच्या साइटवर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा हाच प्रश्न येतो. "डिझाइनवाल्या साहेबांनी साइझ दिल्यात, ड्रॉइंग तर सॉफ्टवेअरच काढतंय की. मग डिटेलिंगला तीन आठवडे आणि वर टनामागं वेगळे पैसे कशाला?" आजवर अर्धवट उत्तर देऊन विषय सोडून दिला. आता पूर्ण सांगतो. डिटेलिंग म्हणजे लोखंडी शेडचा प्रत्येक तुकडा, भोक आणि जोड वर्कशॉपसाठी कागदावर ठरवणं, आणि तेच माझं काम.

डिझाइनमधून येते ती एक रेघ. रेघेवर सेक्शनचं, म्हणजे लोखंडाच्या आकाराचं नाव आणि टोकाला किती जोर येतो त्याचे आकडे. त्या रेघेचं टोक दुसऱ्या रेघेला कसं चिकटणार, हे तिथं बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. साधं ब्रेसिंग घ्या, म्हणजे शेड डुलू नये म्हणून लावलेला तिरका अँगल. ६५ मिलिमीटरचा अँगल, २० चा बोल्ट. भोक २२ चं. नेहमीप्रमाणे कोपऱ्यापासून ३५ वर भोक मारलं की कडेला ३० मिलिमीटर उरतात. कोडप्रमाणे रोल केलेल्या कडेला भोकाच्या दीडपट, म्हणजे ३३ हवेत. गॅस कटरनं हातानं कापलेली कड असेल तर १.७ पट, म्हणजे ३७.४, तिथं आपण ४० धरतो. म्हणजे एकतर अँगल ७५ चा करा, नाहीतर बोल्ट १६ चा. बोल्ट १६ चा केला की संख्या वाढते, संख्या वाढली की गसेट (जोडाची प्लेट) लांबते, गसेट लांबली की ती पर्लिनच्या (पत्र्याखालच्या आडव्या पट्टीच्या) क्लीटमध्ये, म्हणजे ती धरणाऱ्या तुकड्यात घुसते. हे एका टोकाचं झालं. मध्यम शेडमध्ये अशी टोकं शेकड्यांनी असतात. सॉफ्टवेअर त्यांची चित्रं काढतं; ७५ की १६, हे मात्र कुणीतरी बसून ठरवावं लागतं.

सॉफ्टवेअरचा क्लॅश चेक, म्हणजे तुकडे एकमेकांत घुसतात का याची तपासणी, शून्य आला की ड्रॉइंग बरोबर, असं मीही बरीच वर्षं छातीठोकपणे सांगत होतो. ते चूक होतं. क्लॅश चेकला लोखंडात घुसलेलं लोखंड दिसतं. नटावर पाना फिरायला जागा आहे का, ते त्याला दिसत नाही. कॉलमच्या वेबला (मधल्या पट्टीला) दोन्ही बाजूंनी बीम येतात आणि तेच बोल्ट दोघांना धरतात, हे मॉडेलमध्ये अगदी सुरेख दिसतं. साइटवर मात्र दुसरा बीम लावण्यासाठी पहिल्याचे नट काढावे लागतात, आणि तेवढा वेळ पहिला बीम कशावर उभा असतो? म्हणून खाली बीम टेकायला सीट अँगल द्यायचा, किंवा क्लीट एका बोल्टानं पुढंमागं सरकवायची. वर चढलेल्या फिटरचा जीव त्या एका बोल्टावर असतो.

"डिझाइन झालेलंच असतं" म्हणणाऱ्यांना मी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीची आठवण देतो. १७ जुलै १९८१, हॉटेलातले लटकते पूल कोसळले, ११४ माणसं गेली. मूळ कल्पनेत वरचा आणि खालचा पूल एकाच लांब रॉडला टांगलेले होते. शॉप ड्रॉइंगपर्यंत, म्हणजे वर्कशॉपच्या ड्रॉइंगपर्यंत येताना त्याचे दोन रॉड झाले आणि खालचा पूल वरच्या पुलाच्या बीमला टांगला गेला. तिथल्या नटाखाली भार दुप्पट झाला. जोड मुळातच कमकुवत होता, त्यात हे.

आता आपल्याकडचं एक काम सांगतो, कारण खरं उत्तर त्यात आहे. मिरज भागातलं हळदीचं गोदाम. २४ मीटर गाळा, ६० मीटर लांबी, सहा-सहा मीटरवर फ्रेम. अकरा फ्रेम, २२ कॉलम, प्रत्येकाला पायात काँक्रीटमध्ये रोवलेले २४ चे चार बोल्ट, फ्लँजच्या (कॉलमच्या कडेच्या पट्ट्यांच्या) बाहेर. आर-झिरो, म्हणजे पहिल्या ड्रॉइंगमध्ये कॉलम ४०० चा आणि बोल्टांमधलं अंतर ५२०. मग मालकांनी छोटी क्रेन मागितली. कॉलम ५०० चा झाला, अंतर ६२०. सुधारलेला आर-वन पाठवला. सिव्हिलवाल्यांच्या फोनमध्ये दोन्ही होते. त्यांनी जुना उघडला आणि १४ पेडेस्टल (कॉलमखालचे काँक्रीटचे ठोकळे) ओतली.

कळलं कधी, तर हायड्रा (चाकांची क्रेन) उभा राहिल्यावर. पहिला कॉलम खाली आला आणि बेस प्लेट बोल्टांच्या डोक्यावरच टेकली. प्रत्येक बाजूला ५० मिलिमीटरचा फरक. भोक जुन्या बोल्टावर आणावं म्हटलं तर कॉलमच्या मध्यापासून २६० वर बोल्ट आणि २५० वर फ्लँजची बाहेरची कड. मध्ये दहा मिलिमीटर. वॉशरच ४४ चा, तो बसणार कुठं? फिटरनं गॅस पेटवला, दोन बोल्ट लाल केले आणि पाइप घालून बाहेर वाकवले. प्लेट बसली. साइटवर सगळ्यांना हायसं वाटलं.

तिथंच काम थांबवावं लागलं, आणि का थांबवलं हे अजूनही काहींना पटत नाही. ८.८ ग्रेडचा बोल्ट उष्णतेच्या प्रक्रियेनं कडक केलेला असतो. लाल होईपर्यंत तापवला की ती ताकद उतरते, आणि किती उतरली हे बाहेरून कळत नाही. वाकवलेला बोल्ट ताण आला की सरळ व्हायला बघतो आणि काँक्रीटचा कोपरा फोडतो. शेड जड असते, बोल्टाला ताण कुठून येणार, असं वाटतं. वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर धरला तर दाब चौरस मीटरला सुमारे ९० किलो येतो. पत्रा आणि पर्लिन मिळून त्याच्या पाव भागाइतकेही भरत नाहीत. वादळात वारा छप्पर वर उचलायला बघतो, तेव्हा शेड जमिनीला धरून ठेवायचं काम याच बोल्टांचं. शेवटी पेडेस्टलभोवती नवीन सळई बांधून काँक्रीटचं जॅकेट घेतलं, २८ चं भोक मारून केमिकल अँकर, म्हणजे रसायनानं चिकटवलेले बोल्ट बसवले. हंगामाची हळद दुसऱ्याच्या गोदामात गेली.

चूक कुणाची? तेव्हा मी तावातावानं सांगायचो: सिव्हिलवाल्यांची. आर-वन दिला होता, तारीख होती. पण ते दोन कागद आज शेजारी ठेवले की वेगळं दिसतं. बदललेल्या आकड्याभोवती रिव्हिजनचा ढग, म्हणजे बदल दाखवणारी ढगासारखी रेघ काढायची राहून गेली होती. ती काढायचं काम माझं होतं. फोनच्या पडद्यावर ५२० आणि ६२० चं ड्रॉइंग सारखंच दिसतं, आणि कोपऱ्यातला आर-वन वाचायला बोटांनी मोठं करावं लागतं. मग सगळा दोष त्यांचा कसा? आणि ओतण्याआधी कुणी मोजायचा टेप का लावला नाही, हाही प्रश्न उरतोच. दोन्ही बाजू मला पटतात, आणि एकीनंही समाधान होत नाही.

तीन आठवड्यांतला मोठा वेळ या असल्या जागी जातो. म्हणून टनाचा हिशेबही मला मान्य नाही. बारा मीटरच्या राफ्टरचं (छताच्या तिरक्या बीमचं) वजन भरपूर आणि ड्रॉइंग एक. जिना, रेलिंग, पन्हाळीचे ब्रॅकेट यांचं वजन नगण्य, पण कागद सगळे त्यांचेच.

प्रीकास्ट करणाऱ्यांनी, म्हणजे काँक्रीटचे भाग आधीच साच्यात ओतून आणणाऱ्यांनी तर हा प्रश्न विचारूच नये. लोखंड कापून जोडता तरी येतं. सहा मीटर लांब, १.२ मीटर रुंद, १५० जाडीचा पॅनेल २.७ टनांचा. दोन हुकांवर उचलताना साखळी आडव्याशी ६० अंशात असेल तर एका साखळीवर दीड टनाच्या आसपास येतो. तीच ३० अंशात पसरली की पूर्ण २.७ टन, शिवाय पॅनेल दोन्हीकडून आत दाबला जातो. हूक टोकापासून सव्वा मीटरवर हवा. अगदी कडेला ठेवला तर मध्यभागी तडा. हे साच्यात काँक्रीट पडायच्या आधीच ठरतं, नंतर करण्यासारखं काही राहत नाही.

आता बोल्ट प्लॅनचा कागद वेगळा देतो. आकडे मोठ्या अक्षरात, बदल झाला की फाइलचं नावही बदलतं, आणि सोबत बोल्टांची जागा पक्की धरणाऱ्या पत्र्याच्या टेंप्लेटचं ड्रॉइंग. फॅब्रिकेटरनं कापलेलं तेच टेंप्लेट सिव्हिलवाल्यांच्या हातात जातं. तरीही जुना कागद कुणाच्या तरी फोनमध्ये राहतोच. ओतायच्या आदल्या दिवशी बोल्टांवर टेप लावून फोटो पाठवा. रात्री अकराला पाठवला तरी बघतो.